लाईट येता तेव्हा नेट जाता: देवगडकडच्या एका आंबा ऑफिसातलं प्रकरण

देवगड तालुक्यातलं हे ऑफिस. हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजारात पाठवायच्या हा जुना धंदा, आणि पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना डझनाच्या हिशेबाने घरपोच आंबा द्यायचा हा नवा. जांभ्याच्या जुन्या घराची पडवी आणि माजघर मिळून ऑफिस झालंय. अंगण ओलांडून, कलमांच्या कडेला मांगर, म्हणजे बागेतली कामाची खोपी. आढी, प्रतवारी, पॅकिंग, सगळं मांगरात चालतं.

यंत्रसामग्री बेताची. ऑफिसात पाच संगणक. त्यांतल्या एकावर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा असतो, म्हणून त्याला सगळे सर्व्हर म्हणतात. तसा तो साधाच संगणक आहे. एक लेझर प्रिंटर, फायबरच्या कनेक्शनचा राउटर आणि सगळ्या केबली जिथे एकत्र येतात तो आठ पोर्टचा साधा स्विच. मांगरात एक संगणक आणि लेबल छापायचा छोटा प्रिंटर. दोन्ही जागा जोडणारी एक केबल, अंगणावरून तारेला बांधून नेलेली.

एप्रिलच्या मध्यावर, म्हणजे ऐन हंगामात, "नेट जातंय" अशी तक्रार माझ्याकडे आली. एवढ्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून कामाला लागलं की दिवस फुकट जातो. म्हणून ऑफिसातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, आणि चार माणसांच्या चार तक्रारी निघाल्या. हिशेब पाहणाऱ्या ताई म्हणाल्या, दुपारनंतर टॅली उघडत नाही, नेट मात्र चालू असतं, फक्त हळू चालतं. ऑर्डरी घेणाऱ्या मुलीचं म्हणणं, प्रिंटर ऑफलाइन दाखवतो. मालक म्हणाले, संध्याकाळी सातनंतर नेट साफ बंद. आणि सर्व्हरवर बसणारे काका शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे कधीच काही झालं नाही. हे लोक कायतरी दाबतात."

पाचवं वाक्य पॅकिंगला असलेल्या मुलाचं. तो चहा घेऊन आला होता, त्याला कुणी विचारलंही नव्हतं. "लाईट जाता तेव्हा नाय ओ, लाईट येता तेव्हा नेट जाता." सगळे हसले. पुढचं सगळं काम याच वाक्याच्या आधाराने झालं, म्हणून ते इथे मुद्दाम तसंच्या तसं लिहितोय.

उपाय आधीच भरपूर होऊन गेले होते. उन्हाने राउटर तापतो म्हणून त्याच्यावर टेबल फॅन लावलेला. खाऱ्या हवेने पोर्ट गंजले असतील म्हणून स्विच नवा आणलेला. व्हायरस असेल म्हणून अँटिव्हायरस. इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा माणूसही येऊन गेला होता. तो सकाळी आला, सगळं व्यवस्थित चालताना पाहिलं, वेग मोजून दाखवला आणि "आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही" म्हणून सही घेऊन गेला. लोक त्याच्यावर चिडून होते. पण तो खरं तेच बोलला होता, हे पुढे दिसेलच.

या सगळ्यांच्या जोडीला दिवसभर चालणारा घरगुती उपाय म्हणजे रीस्टार्ट. संगणक अडला की बंद करून चालू करायचा, नाही जमलं तर राउटर बंद करून चालू करायचा. कधी चालायचं, कधी नाही. कधी एकाचं सुरू व्हायचं आणि शेजारच्याचं जायचं. अशा वेळी माणूस यंत्राला लहरी समजायला लागतो. मी एवढंच सांगितलं की आज कुणीही काहीही रीस्टार्ट करायचं नाही. बिघाड झाला की संगणक आहे त्याच अवस्थेत ठेवून मला हाक मारायची. रीस्टार्टने बिघाड जातो की नाही हा वेगळा प्रश्न. त्याचा माग मात्र नक्की पुसला जातो.

दोन संगणक शेजारी शेजारी

जेवणाच्या सुट्टीनंतर ताईंचा संगणक झोपेतून उठला आणि टॅली गेली. शेजारच्या मुलीचा संगणक चालू होता, त्यावर सगळं ठीक. एक बिघडलेला आणि एक चांगला, दोन्ही एकाच स्विचवर, एकाच वेळी. याहून चांगली संधी मिळत नाही. दोन्हींवर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघडून आयपीकॉन्फिगची पूर्ण माहिती देणारी कमांड चालवली, म्हणजे शेवटी तिरकी रेघ आणि ऑल लावून.

चांगल्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होणारा. त्याचा गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, १९२.१६८.१.१, आणि खाली डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे पत्ता वाटणारा, लिहिलेल्या ओळीतही तोच. हा फायबरचा राउटर.

बिघडलेल्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.० ने सुरू होणारा. गेटवे १९२.१६८.०.१. डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीतही १९२.१६८.०.१.

एका आकड्याचा फरक, पण निदान इथेच झालं. या ऑफिसात १९२.१६८.० नावाचं काही असायलाच नको होतं. सर्व्हर, प्रिंटर, फायबरचा राउटर सगळे १ च्या वस्तीत. मग ० ची वस्ती कुणी वसवली?

ज्यांना ही ओळ नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. संगणक नव्याने जाळ्यावर आला की त्याला स्वतःचा पत्ता माहीत नसतो. तो सगळ्या जाळ्याला उद्देशून ओरडतो, "मला पत्ता द्या". जाळ्यावर पत्ता वाटणारा जो कोणी असेल तो एक पत्ता पुढे करतो, संगणक "हाच घेतो" म्हणतो, वाटणारा होकार देतो. ही डीएचसीपीची पद्धत. तिची आज चालणारी मूळ नियमावली १९९७ सालची आहे आणि पत्ता वाटणारा खरा की तोतया हे तपासायची सोय साध्या ऑफिसात कुणी वापरत नाही. दोघांनी पत्ते पुढे केले तर संगणक सहसा आधी आलेला उचलतो. एका गावात दोन तलाठी येऊन बसले आणि दोघेही सातबारा वाटू लागले, तर ज्याच्यापुढे रांग कमी त्याच्याकडे लोक जाणार, आणि कागद हातात पडल्यावर तो खरा की खोटा हे कळायला बँकेत जावं लागणार. इथे बँक म्हणजे टॅली.

खरं तर विंडोजने हे आधीच सांगितलं होतं. ताई म्हणाल्या, मध्यंतरी उजव्या बाजूला एक निळी पट्टी आली होती, इतर संगणकांना तुमचा संगणक दिसू द्यायचा का असं काहीतरी विचारत होती, मी 'हो' केलं. विंडोजच्या काही आवृत्त्या हे नवीन नेटवर्क दिसलं की विचारतात. सेटिंगमध्ये पाहिलं तर 'नेटवर्क २' नावाची नोंद होती. केबल तीच, स्विच तोच, तरी विंडोजला हे दुसरं नेटवर्क वाटलं, कारण गेटवेचं यंत्र बदललं होतं. अशी पट्टी अचानक आली तर 'हो' किंवा 'नाही' दाबण्याआधी कुणाला तरी सांगावं.

मग अर्धंच का बिघडायचं?

मला स्वतःला या प्रकरणात सगळ्यात रस वाटला तो इथे. पत्ता चुकीचा असेल तर सगळंच बंद पडायला हवं. इथे नेट चालू, टॅली बंद. सर्व्हरचा फोल्डर उघडतो, प्रिंटर मात्र ऑफलाइन. ताई वैतागून म्हणाल्या होत्या, "सर्व्हर मला दिसतो, आतल्या फायली दिसतात, मग टॅलीला काय धाड भरली?" प्रश्न अगदी बरोबर होता.

उत्तर दोन तुकड्यांत आहे. टॅलीच्या डेटाची ड्राइव्ह कुणीतरी पूर्वी आकड्यांच्या पत्त्याने जोडली होती, १९२.१६८.१.१०. प्रिंटरही तसाच आकड्यांनी. ० च्या वस्तीतला संगणक हा पत्ता पाहून म्हणतो, हा आपल्या आळीतला नाही, आणि पाकीट आपल्या गेटवेकडे, म्हणजे ०.१ कडे देतो. तो ते बाहेर इंटरनेटच्या दिशेला ढकलतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखीव आहेत, बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना ठिकाणच नाही. पाकीट तिथेच मरतं. दहा फुटांवरचा सर्व्हर असा हरवतो.

फोल्डर मात्र ताई 'नेटवर्क' या चिन्हातून, सर्व्हरच्या नावावर क्लिक करून उघडत. नाव वापरलं की विंडोज जाळ्यावर त्या नावाने हाक मारतं, आणि उत्तर येतं ते बहुतेक वेळा आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्याने. एफई८० ने सुरू होणारा हा पत्ता प्रत्येक संगणक स्वतःच स्वतःला देतो. तो कुठल्याही राउटरकडे मागावा लागत नाही आणि एकाच स्विचवरच्या यंत्रांमध्ये चालतो. म्हणजे नावाने हाक मारली तर दोघे एकमेकांना सापडतात, आकड्याने मारली तर नाही. खात्री करायला ताईंच्या संगणकावरून सर्व्हरला नावाने पिंग केलं, म्हणजे "आहेस का" अशी हाक मारली: एफई८० वाल्या पत्त्यावरून लगेच उत्तर. आकड्याने पिंग केलं: काही नाही.

आता इंटरनेट. ते चालू होतं म्हणजे ०.१ हा जो कोणी होता त्याच्याकडे स्वतःची बाहेर जायची वाट होती, आणि ती फायबरची नव्हती. ट्रेसर्ट ही वाट दाखवणारी कमांड चालवल्यावर वाट एका मोबाइल कंपनीच्या दिशेने जाताना दिसली. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकलं, तर लॉगिनचं पान उघडलं आणि कोपऱ्यात सिग्नलच्या दांड्या. सिमवर चालणारा फोर-जी राउटर. नेट हळू का, तर एक-दोन दांड्यांच्या रेंजवर पाच जण बसलेले. संध्याकाळी साफ बंद का, तर सिमचा रोजचा डेटा तोवर संपलेला. मालकांचं "सातनंतर" हे निरीक्षण अगदी काटेकोर होतं.

लाईट येता तेव्हा

ऑफिसात विचारलं, सिमचा राउटर कुणाचा? कुणाचाच नाही. सगळ्यांचे चेहरे कोरे.

ज्या यंत्राचा पत्ता सापडलाय पण जागा नाही ते शोधायची एक जुनी रीत आहे आणि ती छोट्या ऑफिसात कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा लवकर उत्तर देते. ताईंच्या संगणकावरून ०.१ ला सतत पिंग लावून ठेवला. मग स्विचची एकेक केबल काढायची, थोडं थांबायचं, परत लावायची. मांगराकडे जाणारी केबल काढली आणि उत्तरं थांबली. लावली, परत सुरू.

मांगरात विजेच्या बोर्डाच्या वर, वाशावर, रिकाम्या खोक्यांच्या आड पांढरा राउटर ठेवलेला होता. खालच्या चिकटपट्टीवर छापलेला मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा कारखान्यातून आलेला क्रमांक, आणि संगणकाने शेजाऱ्यांचे क्रमांक टिपून ठेवलेल्या एआरपीच्या यादीत ०.१ समोर दिसलेला मॅक पत्ता जुळवून पाहिला. जुळला. काही राउटरमध्ये पट्टीवरचा आणि यादीतला पत्ता शेवटच्या एखाद्या अक्षराने वेगळा असतो, तेवढ्याने घाबरू नये. पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात, ती जुळतात का ते आधी बघावं.

राउटरला वीज मांगराच्या मेन स्विचवरून. मांगर उघडतो कधी? सकाळी काढलेला आंबा बागेतून दुपारी येतो तेव्हा. बंद होतो रात्री. सकाळी हा राउटर झोपलेला असतो आणि ऑफिसात पत्ते वाटणारा एकच, फायबरवाला. रात्री ० चा पत्ता घेऊन बंद झालेला संगणक सकाळी तोच पत्ता परत मागतो, फायबरवाला त्याला नकार देतो आणि १ चा देतो. म्हणून सकाळी सगळं ठीक, आणि म्हणून कंपनीच्या माणसाला काही सापडलं नाही.

दुपारी मेन स्विच वर होतो आणि जाळ्यावर दोन वाटणारे होतात. तरी लगेच काही बिघडत नाही. पत्ता ठरावीक मुदतीपुरताच मिळतो. चालू असलेला संगणक त्या मुदतीचा अर्धा काळ गेला की आपला पत्ता वाढवून घेतो, पण ती विनंती तो ज्याने पत्ता दिला त्यालाच थेट करतो, सगळ्यांना ओरडून विचारत नाही. त्यामुळे जो संगणक चालूच राहिला तो सुरक्षित. जो झोपून उठला किंवा रीस्टार्ट झाला, तो पुन्हा सगळ्यांसमोर विचारतो. तेव्हा हा सिमवाला "तुझा जुना पत्ता इथे चालत नाही" असा नकार फायबरवाल्याच्या होकाराआधी पोचवू शकतो, आणि मग स्वतःचा पत्ता पुढे करतो. कोण आधी पोचेल हे दर वेळी वेगळं. यंत्राच्या लहरीपणाचं मूळ हे.

म्हणजे दिवसभर चाललेल्या रीस्टार्टचं काय होत होतं ते बघा. एखाद्याचं नेट हळू वाटलं की तो शेजाऱ्याला सांगायचा, "तुझाही एकदा करून घे." चांगला चाललेला संगणक बंद होऊन चालू व्हायचा आणि चुकीचा पत्ता घेऊन उठायचा. ऑफिसात बिघाड पसरत होता तो या उपायामुळे. काकांचा सर्व्हर कधीच बिघडला नाही, कारण त्याला पत्ता हाताने घातलेला. तो कुणाकडे मागतच नव्हता. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

आणि लाईट? लाईट गेली की ऑफिस आणि मांगर दोन्ही बंद. परत आली की सगळे संगणक, दोन्ही राउटर एकदम चालू. फायबरचा राउटर पूर्ण उभा राहायला दोन मिनिटांहून जास्त घेत होता. सिमवाला मिनिटभरात पत्ते वाटायला तयार. त्या मधल्या वेळात जागा झालेला प्रत्येक संगणक त्याच्याच दारी जाणार. इथे शर्यतच नव्हती. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसाआधी लाईट दिवसातून दोन-चारदा ये-जा करते, तेव्हा दर वेळी अख्खं ऑफिस ० च्या वस्तीत. पॅकिंगच्या मुलाने पाहिलेलं ते हेच.

वाशावर राउटर का चढला

तो बसवला होता मालकांच्या पुतण्याने. तो माल घेऊन वाशीला गेलेला, म्हणून ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. फोनवर त्याने सगळं सरळ सांगितलं, आणि त्याची बाजू ऐकल्यावर त्याला बोल लावायचं कारण उरलं नाही.

मांगरातल्या संगणकाचं नेट मार्चपासूनच जात-येत होतं. कुरिअरची नोंदणी अडायची. जांभ्याच्या जाड भिंतींतून ऑफिसचं वायफाय अंगणापलीकडे पोचत नाही. म्हणून त्याने सिमचा राउटर आणला. नेट झालं. पण मग ऑफिसातून लेबलच्या प्रिंटरवर प्रिंट येईना, कारण मांगराचं जाळं आता वेगळं. त्याने ऑफिसकडून आलेली जुनी केबल राउटरच्या मागच्या एका मोकळ्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे आतल्या जाळ्याच्या भोकात, घातली. लेबलं यायला लागली. लेबलचा प्रिंटर नावाने जोडलेला होता, त्यामुळे पत्ते वेगळे असूनही तो चालला, ते वर सांगितलेलं आयपीव्ही६ चं कारण. त्याच्या बाजूने पाहिलं तर सगळं दुरुस्त झालं होतं. त्याच लॅन पोर्टमधून त्याच्या राउटरचे पत्ते ऑफिसात वाहू लागले, हे मांगरात उभं राहून दिसणं शक्यच नव्हतं.

म्हणजे खरा पहिला बिघाड अजून शिल्लकच होता: मांगराची केबल.

मांगरातला संगणक सिमच्या राउटरमधून काढून थेट जुन्या केबलला लावला. थोडा वेळ चालला, मग पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा. हा आकडा ओळखून ठेवण्यासारखा आहे. विंडोजला कुणीच पत्ता दिला नाही की ते स्वतःच असा एक लावून घेतं. ताईंकडे भलत्याने पत्ता दिला होता, इथे कुणीच दिला नव्हता; लक्षण वरून एकच, "नेट नाही", पण दोघांचा शोध उलट्या दिशांना जातो. १६९.२५४ दिसला की आधी तार बघावी.

तार बघितली. लांबीचा प्रश्न नव्हता, शंभर मीटरच्या मर्यादेच्या बरीच आत होती. पण घरातल्या वापराची करड्या आवरणाची केबल उघड्यावर उन्हात टाकलेली, आवरण बोटाने चुरत होतं. अंगणाच्या मध्यावर जोड दिलेला: आठ तारा पिळून वर काळी टेप. टेप सोडली तर आत पांढरी भुकटी. तांबं गंजलं की हिरवं पडतं. पांढरी भुकटी ॲल्युमिनियमची. म्हणजे केबल तांब्याचा नुसता मुलामा दिलेली, आतून ॲल्युमिनियम. ही स्वस्त मिळते आणि किनाऱ्यावर लवकर मरते, कारण दोन धातू, खारा दमटपणा आणि उघडा जोड एकत्र आले की गंज धावत सुटतो. टेस्टर लावल्यावर आठांपैकी दोन तारा लागतच नव्हत्या, एक हलवली की लागायची. सेकंदाला एक गिगाबिटच्या वेगाला आठही तारा लागतात, शंभर मेगाबिटला चारच. म्हणून ही केबल कशीबशी शंभरवर उतरून चालायची आणि वाऱ्याने हलली की सुटायची. किनाऱ्यावरच्या कुठल्याही ऑफिसात जोडणीचा वेग अचानक एक गिगाबिटवरून शंभर मेगाबिटवर आलेला दिसला, तर मी दुसरं काही न बघता आधी कनेक्टर कापून बघतो.

केलं काय

त्या दिवशी एकच गोष्ट केली. स्विचमधून मांगराची केबल काढून टाकली. मालक म्हणाले, "एवढंच?" हंगामात एवढंच पुरेसं होतं. मांगर सिमवर, ऑफिस फायबरवर, दोघांचा संबंध नाही. लेबलांची फाइल मांगराला ईमेलने जायला लागली. ऑफिसातल्या संगणकांवर आयपीकॉन्फिगने जुना पत्ता सोडून नवा मागवला, टॅली सगळीकडे उघडली.

तिथेच तात्पुरती नवी तांब्याची केबल टाकावी असा आग्रह झाला. मी नको म्हटलं, आणि त्याचं कारण वीज, म्हणजे आकाशातली. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची तार नेली की दोन वेगळ्या अर्थिंगची टोकं जोडली जातात. मेमध्ये वळवाच्या आणि ऑक्टोबरात परतीच्या गडगडाटात जवळपास वीज पडली तरी तारेत झटका उठतो आणि स्विचचे पोर्ट, कधी मदरबोर्डही, घेऊन जातो. कोकणात हे दर वर्षी कुणाचं ना कुणाचं होतं. काचेचा फायबर वीज वाहून नेत नाही. म्हणून हंगाम आटोपल्यावर, पावसाआधी, जमिनीतून पाइप टाकून फायबर नेला, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी डबी. फायबरमध्ये ताकदीसाठी लोखंडी तार असलेला प्रकार मिळतो, तो टाळला. नाहीतर काचेभोवती पुन्हा धातू नेल्यासारखं झालं असतं.

सिमचा राउटर फेकला नाही. त्यातलं सिम काढलं, पत्ते वाटणं बंद केलं, त्याला स्वतःला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला आणि लॅन पोर्टलाच कन्व्हर्टरकडून आलेली जोडणी लावली. आता तो मांगरात फक्त वायफाय देतो. केबल वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या भोकात, लावायचाही पर्याय होता. तसं केलं असतं तर त्याचे पत्ते ऑफिसात आलेच नसते, पण मांगर त्याच्यामागे वेगळा पडला असता आणि लेबलांचा प्रश्न परत उभा राहिला असता.

बाकीचं किरकोळ. फायबरच्या राउटरला १०० ते १९९ एवढेच पत्ते वाटायला सांगितले, म्हणजे सर्व्हरचा १० क्रमांक कधी दुसऱ्याला जाणार नाही. प्रिंटरचा पत्ता राउटरमध्येच राखून ठेवला. टॅलीची ड्राइव्ह आकड्याऐवजी नावाने जोडली. फायबरचा राउटर आणि स्विच छोट्या यूपीएसवर घेतले, त्यामुळे लाईट गेली-आली तरी पत्ते वाटणारा जागाच असतो. टेबल फॅन ताईंनी स्वतःकडे वळवून घेतला.

भलत्या राउटरचे पत्ते स्विचवरच अडवायची सोय असलेले महागडे स्विच मिळतात. या ऑफिसाला तो मी सुचवला नाही. त्याऐवजी स्विचच्या शेजारी भिंतीवर एक कागद लावला: कुठल्या पोर्टमधून कुठे केबल जाते, कुठल्या यंत्राचा पत्ता काय, आणि खाली मोठ्या अक्षरात, "नवीन राउटर लावण्याआधी ताईंना सांगणे." सहा संगणकांच्या जागी हे जास्त टिकतं, आणि बंद पडलं तर दुरुस्तीला पुण्याला पाठवावं लागत नाही.

एक काम राहिलंय. मांगरातल्या मीडिया कन्व्हर्टरला वीज तिथल्याच बोर्डावरून मिळते आणि त्या बोर्डाचं अर्थिंग जांभ्यात नुसती सळी ठोकून केलेलं आहे. उन्हाळ्यात जांभा कोरडा पडला की ते असून नसल्यासारखं. फायबरमुळे मांगरातला झटका नेटच्या केबलवाटे ऑफिसात येणार नाही, पण मांगरातला संगणक आणि कन्व्हर्टर त्यातून वाचत नाहीत. खड्डा खणून रीतसर अर्थिंग करायचं ठरलंय, वायरमन गणपतीनंतर येतो म्हणालाय. तोवर ढग दिसले की मांगराचा मेन स्विच खाली करायचं काम पॅकिंगच्या त्या मुलाकडे दिलंय.